समोर असूनही न दिसलेली माणसं



या व्याख्यानमालेत आजवर सहकार, शेती, संतसाहित्य, इतिहास अशा विषयांवर मोठी माणसं बोलून गेली आहेत. यंदा नेत्रतज्ज्ञाला बोलावलंय म्हटल्यावर मोतीबिंदूबद्दल, मधुमेहाने डोळ्यांवर होणाऱ्या परिणामांबद्दल काही ऐकायला मिळेल अशी आपली अपेक्षा असणार. ते विषय मी बाजूला ठेवले आहेत. साखर कारखान्यांचे बॉयलर पेटलेत, रस्त्याला ऊस लागलाय, आणि आपल्यापैकी बहुतेक जण हे व्याख्यान संपल्यावर अंधारात दुचाकीने नाहीतर मोटारीने घरी जाणार आहेत. डोळ्यांचा डॉक्टर म्हणून आज मला बोलायचंय ते रस्त्यावर समोर असूनही न दिसलेल्या माणसांबद्दल.

अपघातानंतर चालकाच्या तोंडून एक वाक्य हमखास निघतं, ‘दिसलंच नाही हो.’ जमलेल्या लोकांना ते खोटं वाटतं. एवढी मोठी ट्रॉली, एवढा मोठा ट्रक, टाळ-पताका घेतलेली माणसांची रांग, न दिसायला काय झालं? माझं म्हणणं असं आहे, की पुष्कळदा तो माणूस खरं बोलत असतो. आणि खरं बोलत असतो म्हणूनच प्रश्न जास्त गंभीर होतो. खोटं बोलणाऱ्याला शिक्षा करून आपण मोकळे होतो. ज्याला खरोखर दिसलं नाही, त्याला का दिसलं नाही हे शोधावं लागतं. तो शोध त्याच्या वेगापाशी जातो, फोनपाशी जातो, ट्रॉलीच्या मालकापाशी, कारखान्याच्या वजनकाट्यापाशी आणि रस्ता बांधणाऱ्या खात्यापाशीही जातो.

31 ऑक्टोबर 2022. कार्तिकी एकादशीला चार दिवस उरले होते. करवीर तालुक्यातली एक दिंडी पंढरपूरला चालली होती. दिवेलागणीनंतरची वेळ. सांगोला तालुक्यात जुनोनीजवळ भरधाव मोटार दिंडीत घुसली आणि 7 वारकरी गेले. पुढच्या वर्षी, 15 ऑक्टोबर 2023 च्या मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर वैजापूरजवळ, सैलानी बाबांच्या दर्शनाहून परतणाऱ्या नाशिककडच्या भाविकांची छोटी बस ट्रकवर मागून आदळली. त्यात 12 माणसं गेली. अशा मोठ्या घटना वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येतात. एकेकटी जाणारी माणसं आतल्या पानावर चार ओळींत संपतात. केंद्र सरकारच्या अहवालानुसार 2022 या एका वर्षात देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं मेली. त्यांतली 32,825 पायी चालणारी होती. आपल्या राज्यातले मृत्यू होते 15,224. या आकड्यांत वेग आहे, दारू आहे, खराब रस्ते आहेत, हेल्मेट न घालणं आहे. मी आज त्यातला एकच धागा हातात घेणार आहे.

आधी डोळ्याचं सांगतो. हात समोर ताठ धरा आणि स्वतःच्या अंगठ्याच्या नखाकडे बघा. एका क्षणी आपल्याला खरोखर स्पष्ट दिसतं ते साधारण तेवढंच. आजूबाजूचं सगळं अंधुक असतं. डोळा सेकंदाला तीन-चार वेळा इकडून तिकडे उडी घेतो, त्या तुकड्यांतून मेंदू एक सलग चित्र उभं करतो, आणि आपल्याला वाटतं की समोरचा सगळा रस्ता दिसतोय. उडी चालू असताना मेंदू दृष्टी जवळजवळ बंद ठेवतो, नाहीतर सगळं जग हललेलं दिसलं असतं. म्हणजे चौकात डावी-उजवीकडे झर्रकन मान फिरवून ‘बघितलं’ असं म्हणणाऱ्याने मधलं बरंचसं पाहिलेलंच नसतं. तेवढ्या फटीत एक मोटारसायकल आरामात मावते.

ही झाली दिवसाची गोष्ट. दृष्टिपटलावर रंग आणि बारकावे टिपणाऱ्या शंकुपेशी सुमारे 60 लाख असतात आणि अंधुक उजेडात काम करणाऱ्या दंडपेशी 12 कोटींच्या आसपास. अंधाराला पुरतं सरावायला डोळ्याला अर्धा तास लागतो. रात्री गाडी चालवताना हा अर्धा तास कधीच मिळत नाही, कारण आपल्याच दिव्यांचा उजेड समोर असतो आणि दर मिनिटाला समोरून कुणीतरी अप्पर मारत येतो. डोळे दिपले की पूर्ववत व्हायला काही सेकंद जातात. वय वाढलं की जास्त जातात. साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतल्या मुलाच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश उजेड पोचतो, कारण बाहुली आकसलेली असते आणि भिंग पिवळसर झालेलं असतं. मोतीबिंदूची नुसती सुरुवात असली तरी समोरच्या दिव्याभोवती उजेडाचा धुरळा उठतो. चाळिशीनंतर लायसन्ससाठी नमुना 1-अ हे वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी आम्ही डॉक्टर काय करतो? भरपूर उजेडात, पांढऱ्या तक्त्यावरची काळी अक्षरं वाचून घेतो. रात्रीचा रस्ता म्हणजे काळ्यावर काळं. त्याची परीक्षा त्या तक्त्यात कुठेच होत नाही.

आणखी एक गोष्ट, जी माझ्या मते प्रत्येक शाळेत शिकवायला हवी. लाल रंग सगळ्यात उठून दिसतो ही आपली समजूत दिवसाची आहे. उजेड कमी होत गेला की डोळ्याला लाल रंग सगळ्यात आधी काळा दिसू लागतो, निळे-हिरवे रंग त्या मानाने टिकतात. यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फुलं आणि पानं बघताना हे टिपून ठेवलं. दिवस मावळताना लाल लुगडं नेसलेली, डोक्यावर वाढ्यांचा भारा घेतलेली बाई रस्त्याच्या कडेने चालत असते. तिला वाटतं, माझा रंग लांबून दिसतोय. चालकाच्या डोळ्याला ती रस्त्याइतकीच काळी झालेली असते.

गेल्या हंगामात एक तरुण माझ्याकडे आला. पिकअप चालवतो. उभ्या ट्रॉलीला मागून धडकला होता, बरगड्यांवर निभावलं. डोळे तपासून घे असं घरच्यांनी सांगितलं म्हणून आलेला. तक्त्यावरची शेवटची ओळ त्याने न अडखळता वाचली. दिवा मंद करून मी फिकट करड्या अक्षरांचा तक्ता दाखवला, तोही त्याने वाचला. मग मी त्याला ती रात्र सावकाश सांगायला लावली. समोरून ट्रक आला, डोळे दिपले. त्याच वेळी फोन वाजला. ‘उचलला नाही डॉक्टर, नुसतं कुणाचा आहे ते बघितलं.’ वर बघेपर्यंत उसाची टोकं काचेत होती.

त्याचा वेग ताशी 80 किलोमीटर धरू. म्हणजे सेकंदाला 22 मीटर. ‘नुसतं बघायला’ दोन सेकंद लागली तरी 44 मीटर रस्ता त्याने न बघता कापला. डिपरवर असलेल्या दिव्यांत काळपट वस्तू ओळखू येते ती फार तर 40-50 मीटरवरून. ब्रेकवर पाय जायला दीड-दोन सेकंद लागतात, आणि कोरड्या, चांगल्या रस्त्यावरही 80 च्या वेगातली गाडी पूर्ण थांबायला सगळं मिळून 70-80 मीटर लागतात. हा हिशेब नीट बघा. त्याने फोनकडे बघितलंच नसतं, तरीही तो त्या ट्रॉलीआधी थांबू शकला नसता. दिव्यांचा उजेड जिथवर पोचतो त्याच्या आत थांबता येणार नाही इतक्या वेगाने आपण सगळे रोज रात्री गाड्या चालवतो. रस्ता मोकळा असतो म्हणून निभावून जातं.

आता ट्रॉलीकडे वळू. एकदा कारखान्याच्या अलीकडे गाड्या नंबरला लागलेल्या असताना मी उतरून मागून चालत गेलो आणि एकेक ट्रॉली बघितली. ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, त्यांवर मोळ्या माथ्याच्या वर रचलेल्या, ऊस मागच्या फाळक्याच्या बाहेर दोन-तीन फूट आलेला. मागचा दिवा होता, पण उसाच्या टोकांआड. एका ट्रॉलीची दिव्याची वायर दोन ट्रॉल्यांमधल्या हुकापाशी तुटून लोंबत होती. फडात ट्रॉली रोज जोडायची, सोडायची, वळवायची, त्यात पहिली तुटते ती वायर. रिफ्लेक्टरची पट्टी लावलेली होती आणि तिच्यावर काळ्या मातीचा थर वाळून बसला होता. मी बोटाने पुसला तेव्हा खाली लाल पट्टी चमकली. त्या हिरवट-काळ्या पाचटाच्या ढिगातून मोटारीच्या दिव्याचा उजेड परत फिरत नाही, तो आतच जिरतो.

आपण ज्याला रेडियम म्हणतो ती पट्टी स्वतः उजेड देत नाही. तिच्यात काचेचे बारीक मणी किंवा कोन असतात आणि ते आलेला उजेड जिथून आला तिकडेच परत पाठवतात. म्हणून चालकाला ती लखलखीत दिसते, शेजारी उभ्या असलेल्याला दिसत नाही. चांगली पट्टी 150 मीटरच्याही पलीकडून दिसते. ट्रॉलीच्या दोन्ही कडांना पट्ट्या असल्या तर आणखी मोठा फायदा होतो. आपण जवळ जाऊ तसतशा दोन खुणा एकमेकींपासून लांब सरकतात आणि त्यावरून मेंदूला अंतर कळतं, पुढचं वाहन चालतंय की उभं आहे तेही कळतं. एकच दिवा असला तर ती मोटारसायकल वाटते. ट्रॉली ताशी 15 किलोमीटरने चालली आहे आणि आपण 80 ने, तर मधलं अंतर सेकंदाला 18 मीटरने संपतं. तेवढ्यात मेंदूने ओळखायचं, ठरवायचं आणि पायाला सांगायचं.

उभ्या वाहनाचं दुखणं वेगळं आहे. टायर फुटला की ट्रॉली तिथेच रस्त्यावर सोडतात, मागे चार दगड आणि बाभळीची फांदी ठेवतात. टायर बदलून ट्रॉली निघून जाते, दगड तिथेच राहतात. ज्यांच्या घरातला माणूस त्या दगडावरून मोटारसायकल घसरून गेला, अशी कुटुंबं या तालुक्यात आहेत, या सभागृहातही असतील. घडीचा त्रिकोण जवळ ठेवणं ही काही मोठ्या खर्चाची गोष्ट नाही.

चालकाच्या डोळ्याबद्दल बोललो, आता त्याच्या ध्यानाबद्दल. 1999 साली डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री या दोन मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. काही मुलं एकमेकांकडे चेंडू टाकतायत असं चित्रण दाखवून पांढऱ्या शर्टवाल्यांचे पास मोजायला सांगितलं. मधेच गोरिलाचा वेश घातलेलं माणूस चौकटीच्या मध्यावर आलं, छाती बडवली आणि निघून गेलं. बघणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना गोरिला दिसलाच नाही. त्यांचे डोळे उघडे होते, नजर पडद्यावरच होती, फक्त ध्यान मोजण्यात होतं. दोन वर्षांनी युटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेअर आणि विल्यम जॉन्स्टन यांनी फोनवर बोलणाऱ्यांना गाडी चालवण्यासारखं काम देऊन तपासलं. बोलणाऱ्यांचे सिग्नल चुकण्याचं प्रमाण दुपटीच्या आसपास गेलं, आणि फोन हातात धरलेला असो की हात मोकळे असोत, फरक पडला नाही. आपल्या मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने, गाडी चालवताना हातात फोन वापरणं हे कलम 184 खाली धोकादायक चालवण्यात मोडतं. ते योग्यच झालं. पण कानात बोंडं घालून जमिनीच्या व्यवहाराची बोलणी करत घाट उतरणारा माणूस त्या कलमाच्या बाहेर राहतो आणि स्वतःला सुरक्षित समजतो. माझ्या मते तो हातात फोन धरणाऱ्याइतकाच धोकादायक आहे.

ट्रॅक्टर चालवणाऱ्या पोरांनाही हे लागू आहे. केबिनमागे भलेमोठे स्पीकर लावून, छातीत दणके बसतील इतक्या आवाजात गाणी लावून ते दोन ट्रॉल्या ओढतात. मागून कोण हॉर्न देतंय, रुग्णवाहिका येतेय का, हे त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. रात्री जागं राहायला गाणी लागतात असं ते सांगतात. खरं आहे ते. दोन-दोन रात्री नंबरला थांबलेल्या मुलाला झोप येणारच. पण ती झोप कमी करायची तर नंबर लवकर लागेल अशी व्यवस्था कारखान्याला करावी लागेल. स्पीकर हा त्यावरचा इलाज होत नाही.

पायी चालणाऱ्याची एक गोड समजूत असते, तिने पुष्कळांचा जीव घेतला आहे. मला गाडीचे दिवे किलोमीटरभर लांबून लख्ख दिसतात, म्हणजे मीही गाडीवाल्याला दिसतोय. अमेरिकेत 1970 च्या सुमारास यावर प्रयोग झाले. लोक आपण जिथून दिसतो असं समजत होते ते अंतर प्रत्यक्षाच्या सुमारे दुप्पट निघालं.

उजेड काढून घेतला की काय होतं, हे इंग्लंडने युद्धाच्या काळात सोसलं आहे. सप्टेंबर 1939 मध्ये हवाई हल्ल्यांच्या भीतीने रस्त्यावरचे दिवे विझवले, मोटारींचे दिवे झाकले. 1941 साली ब्रिटनमध्ये रस्त्यावर 9,169 माणसं मेली. पेट्रोलवर रेशन होतं, रस्त्यावर गाड्या आजच्यापेक्षा कितीतरी कमी होत्या, तरी तो आकडा त्या देशाच्या इतिहासातला सर्वांत मोठा ठरला. लोकांनी फुटपाथच्या कडा पांढऱ्या रंगवल्या, मडगार्डला पांढरे पट्टे ओढले, काही शेतकऱ्यांनी तर गाईंच्या अंगावर पांढरे पट्टे काढले. सरकारने वस्तीत रात्रीची वेगमर्यादा ताशी 20 मैलांवर आणली.

आपल्या घाटरस्त्यांवर मधल्या रेषेत चमकणारी ‘मांजरडोळी’ आपण पाहतो. ती यॉर्कशरमधल्या हॅलिफॅक्सच्या पर्सी शॉ यांची. 1934 साली त्यांनी पेटंट घेतलं आणि या अंधाराच्या काळात त्यांना खरी मागणी आली. त्यांच्या रचनेत मला सगळ्यात मोलाची वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. काचेचे मणी रबरात बसवलेले होते. गाडीचं चाक त्यावरून गेलं की रबर दबे, आणि खाचेत साठलेल्या पावसाच्या पाण्याने मणी आपोआप पुसले जात. रस्त्यावर धूळ आणि चिखल असणारच, आणि रोज फडकं मारायला कुणी येणार नाही, हे त्या माणसाने आधीच धरलं होतं. आपण मात्र पट्टी चिकटवतो, फोटो काढतो आणि हंगामभर तिच्याकडे बघत नाही.

चालणाऱ्या माणसांसाठी आणखी एक शोध उपयोगाचा आहे. स्वीडनच्या गुन्नार योहान्सन यांनी 1973 साली दाखवलं, की अंधारात माणसाच्या फक्त सांध्यांवर उजेडाचे ठिपके ठेवले तरी तो चालू लागताच बघणाऱ्याला क्षणार्धात कळतं की हा माणूस आहे. पुढच्या प्रयोगांत दिसलं, की पट्ट्या घोट्यांवर, गुडघ्यांवर आणि मनगटांवर असतील तर चालकाला पायी चालणारा माणूस जास्त लांबून ओळखू येतो. नुसती जाकिटावर छातीशी पट्टी असली तर तो एखादा फलक किंवा मैलाचा दगड वाटू शकतो. पैंजणासारखी घोट्याला बांधायची एक चमकती पट्टी दिंडीतल्या शेवटच्या दहा माणसांना दिली, तर तिचा हलता उजेड मागच्या गाडीला सांगेल की पुढे माणसं चालली आहेत. बैलगाडीच्या बैलांच्या मागच्या पायांनाही ती बांधता येईल.

पण इथे मला एक गोष्ट निक्षून सांगायची आहे. घोट्याला पट्टी नव्हती म्हणून वारकरी गेला, असं मी कधी म्हणणार नाही आणि कुणी म्हटलं तर ऐकून घेणार नाही. बीड, जालना, परभणीहून इथे आलेल्या कोयत्याने, म्हणजे त्या नवरा-बायकोने, मुकादमाची उचल फेडायची, पहाटे चारला फडात उभं राहायचं, कोपीत पोरं झोपवायची, आणि वर स्वतःच्या पैशाने पट्ट्या आणून आपण दिसण्याची जबाबदारीही घ्यायची? दिवे ज्याच्याकडे आहेत, वेग ज्याच्याकडे आहे आणि टनभर लोखंड ज्याच्या हातात आहे, जबाबदारी त्याच्याकडून सुरू होते. दुसरी जबाबदारी, ज्याचा माल रस्त्यावरून जातो त्याची. पायी चालणारा या रांगेत सर्वांत शेवटी येतो.

म्हणून माझी मागणी कारखान्यांकडे आहे, आणि संचालक मंडळातले काही जण समोर बसलेत म्हणून ती इथेच करतो. हंगामाच्या सुरुवातीला पोलीस आणि आरटीओ यांच्यासोबत पट्ट्या लावण्याचा कार्यक्रम होतो. तो चांगलाच आहे. पण त्या पट्ट्या पहिल्या आठवड्यातच चिखलाने माखतात. तुमच्याकडे प्रत्येक ट्रॉलीला एक जागा चुकत नाही, ती म्हणजे काटा. गव्हाणीत ऊस रिकामा करून ट्रॉली मोकळ्या वजनासाठी परत काट्यावर येते, तेव्हा ती रिकामी असते, मागचा भाग उघडा असतो. तिथे एक माणूस ओलं फडकं, चाचणीचा दिवा आणि वायरचं भेंडोळं घेऊन उभा करा. दिवा लागतो का बघायचं, पट्टी पुसायची, वायर तुटली असेल तर तिथेच जोडायची आणि मगच वजनाची पावती द्यायची. बैलगाडीला पावतीसोबत दोन्ही बाजूंना चमकती पट्टी कारखान्याने द्यावी आणि त्याचा पैसा तोडणी-वाहतुकीच्या बिलातून कापू नये. मोळ्या बांधताना मागे ऊस किती बाहेर ठेवायचा, हे शेती अधिकाऱ्याने फडातच ठरवून द्यावं.

आम्ही डॉक्टरांनीही मागे राहू नये. या तालुक्यातल्या नेत्रतज्ज्ञांशी मी बोललो आहे. पुढच्या हंगामाआधी वाहतूक करणाऱ्या सगळ्या चालकांचे डोळे आम्ही विनामूल्य तपासू. त्यात कमी उजेडातली आणि दिपलेले डोळे सावरायला किती वेळ लागतो याची तपासणीही असेल. ज्यांना मोतीबिंदूची सुरुवात आहे त्यांना रात्रीची खेप देऊ नका असं लेखी कळवू. ते पत्र मानायचं की नाही, हे कारखान्याने आताच ठरवून संयोजकांना सांगावं. यादी करायला आम्हाला सप्टेंबरपर्यंत वेळ हवा आहे.